नाव, गोत्र, नातं

माझ्या कपाटात एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही आहे. वाण्याकडे उधारी लिहायला असते तसली. माझ्या वडिलांनी ती सुरू केली, शाळेतून निवृत्त झाल्यावर मी चालवायला घेतली. शास्त्री नदीच्या काठचं आमचं गाव आणि पलीकडच्या दोन वाड्या, एवढ्या यजमानांची पितरं तिच्यात आहेत. घराला एक पान, पितराला एक ओळ, ओळीला तीन रकाने: नाव, गोत्र, नातं. पितृपक्षात तर्पण सांगताना एवढंच लागतं. अमक्या गोत्राचे, अमक्या नावाचे, माझे वडील. त्यांना हे पाणी. यातलं एक जरी अडलं तरी यजमान ओंजळ तशीच धरून माझ्याकडे बघत राहतो.

२०१६ च्या पितृपक्षात, उरीच्या लष्करी तळावरच्या हल्ल्याची बातमी आली त्याच आठवड्यात, माझा एक जुना विद्यार्थी त्या वहीत एक ओळ वाढवून घ्यायला आला. त्या ओळीसाठी त्याच्याकडे या तिन्हींतलं काहीच नव्हतं.

सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला हा माणूस. गाव त्याला सुभेदारच म्हणतं. मी त्याला नववी-दहावीत संस्कृत शिकवलं, म्हणून मी अरे-तुरे करतो आणि तो मला गुरुजी म्हणतो. नाव लिहीत नाही. हे लिहायला त्यानं होकार दिला तो त्याच अटीवर. १९८५ साली एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला आणि ८७ च्या ऑक्टोबरात श्रीलंकेत उतरला. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या होत्या, आपली फौज शांतिसेना म्हणून गेली होती, आणि अडीच महिन्यांच्या आत त्याच फौजेची तमिळ वाघ म्हणवणाऱ्या बंडखोरांशी लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत फिरेपर्यंत आपले जवळजवळ बाराशे जवान तिथं मारले गेले. कोलंबोला लागून असलेल्या बत्तरमुल्ल्यात त्यांचं स्मारक आहे, दगडावर नावं आहेत. आमच्या जिल्ह्यातही गावोगावी पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दगड आपल्या माणसांसाठीच उभे राहतात, ते स्वाभाविक आहे. माझा विद्यार्थी आला तो दगडावर नसलेल्या माणसासाठी.

"गुरुजी, म्हाळाला एक पान जास्त मांडायचं आहे. चालेल का?"

"कुणासाठी?"

हे सांगायला त्याला दीड तास लागला. मधे दोनदा उठून तो पडवीत जाऊन आला.

जाफन्याच्या बाहेर ताडांच्या राईत त्यांची तुकडी पडली होती. राईच्या कडेला एक घर, घरापुढे विहीर. दोन दिवस त्या विहिरीवर ही पोरं बाटल्या भरत होती. घरातली बाई, पन्नाशीची असेल, स्वतः पोहरा ओढून पाणी घालायची. तमिळ कुणालाच येत नव्हतं. पाण्याला 'तण्णी' म्हणतात एवढा एकच शब्द सगळ्यांनी उचलला होता. तो म्हटला की ती हसायची, बहुतेक यांच्या उच्चाराला. तिसऱ्या दिवशी पहाटे राईतून गोळ्या आल्या. याच्या शेजारचा पोरगा, साताऱ्याकडचा, मानेत गोळी लागून पडला. मग सगळ्यांनीच फायर उघडला. अंधार होता, विहिरीपाशी काहीतरी हललं, तिघांनी त्या दिशेनं मारलं. उजाडल्यावर विहिरीच्या काठाशी ती पडलेली होती. दोराचा वेढा अजून तिच्या मनगटाला होता.

"तिघांपैकी कुणाची लागली, कळायला मार्ग नाही," तो म्हणाला. "त्यातला एक पुढं तिथंच गेला. एक नाशिककडं असतो, तो संध्याकाळनंतर फोनवर बोलण्यासारखा नसतो. राहिलो मी."

एकोणतीस वर्षांत त्यानं हे तिघांना सांगितलं होतं. सेक्शन कमांडरला, त्याच सकाळी. तो म्हणाला, लढाईत असं होतंच, पाऊच भरून घे. पलटणीतल्या पंडितजींना. फौजेत धर्मगुरू असतात, जवानांची मंदिर परेड तेच घेतात. माणूस चांगला होता, त्यानं गीतेचा दुसरा अध्याय समजावला. आणि बायकोला, लग्नानंतर आठ वर्षांनी. ती काहीच बोलली नाही, देवापुढची समई उजळून आली आणि त्याच्याजवळ बसून राहिली.

चौथा मी. मीसुद्धा गीताच काढली. हे मी कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या चुकीतूनच निघालं. माझ्या डोळ्यांसमोर अठराव्या अध्यायातला सतरावा श्लोक आला: ज्याच्यात 'मी करतो' हा भाव नाही, ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्यानं या साऱ्या लोकांना मारलं तरी तो मारत नाही आणि बांधलाही जात नाही. मी तो म्हणून दाखवला, अर्थ सांगितला. तू आज्ञेनं गेलास, द्वेषानं नाही, असंही म्हणालो.

तो खाली बघत होता. "गुरुजी, तो श्लोक मला येतो. तालुक्याच्या पाठांतर स्पर्धेसाठी तुम्हीच घोकून घेतलेलात. मी तिकडं रोज रात्री म्हणायचो. पण तो ज्याच्यात मी नाही त्याच्यासाठी आहे. माझ्यात त्या वेळी नुसता मीच होतो. मी घाबरलेलो. मला मरायचं नव्हतं, म्हणून मी मारलं."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एकतीस वर्षं शिकवताना त्या श्लोकाची अट इतक्या स्वच्छ शब्दांत मला कुणी दाखवली नव्हती. मी त्याला म्हटलं, चतुर्दशीपर्यंत थांब. मी बघतो.

दुसऱ्या दिवशी हातखंब्यावरून एसटीनं रत्नागिरीला गेलो. तिथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं. तिथं बसून भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड काढला. काणे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. त्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त पुढे आहे, आणि त्याच पुठ्ठ्यात मागे श्राद्ध. मी गेलो होतो पहिल्यासाठी.

जे मिळालं त्यातलं काही थरारून टाकणारं होतं. याज्ञवल्क्य म्हणतो, नकळत घडलेलं पाप प्रायश्चित्तानं जातं. जाणून केलेलं जात नाही, प्रायश्चित्तानं तो माणूस फक्त लोकांत वावरण्याजोगा होतो. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हा फरक केला होता: पाप फिटणं वेगळं आणि माणसात परत येणं वेगळं. मनू सांगतो की पाप उतरायला लागतं ते पहिल्यांदा ते उघड बोलून दाखवल्यानं, मग पश्चात्तापानं. आणि राजधर्मात तोच मनू सांगतो की झोपलेल्याला, निःशस्त्राला, लढत नसलेल्याला, नुसतं बघत उभं असलेल्याला मारू नये. म्हणजे विहिरीवरची बाई आमच्या शास्त्राला माहीत होती.

पण प्रायश्चित्ताचा तपशील वाचायला लागलो तसा माझा हात थंड पडला. ब्राह्मण मेला तर बारा वर्षं, खालच्या वर्णाला उतरत्या श्रेणीनं कमी. स्त्री, शूद्र, वैश्य, क्षत्रिय यांची हत्या उपपातकांत, म्हणजे किरकोळीत. माझ्या विद्यार्थ्याला मी काय विचारणार होतो, ती कोणत्या जातीची होती? तिच्या मनगटाला दोर होता एवढंच त्याला माहीत आहे. मी याच परंपरेचा भिक्षुक आहे, हीच पुस्तकं माझ्या वडिलांनी मला सोवळ्यात हाताळायला शिकवली. त्या पानावर मला शरम वाटली आणि ती वाटली हे इथं लिहिणं माझं कर्तव्य आहे.

इतरांनी काय केलं तेही शोधलं. इंग्लंडात १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई झाली. जिंकणाऱ्या बाजूला पोपचा पाठिंबा होता. तरीही काही वर्षांनी नॉर्मंडीच्या बिशपांनी त्याच विजयी सैनिकांना प्रायश्चित्त ठरवून दिलं: मारलेल्या दर माणसामागे एक वर्ष. किती मारले ते ठाऊक नसेल तर आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस. आणि तिरंदाजांना वेगळा नियम, कारण आपला बाण कुणाला लागला हे तिरंदाजाला कळत नाही. त्यांना तीन वेळा चाळीस दिवसांचं व्रत. ते वाचून मी पुस्तकावर हात ठेवून बसलो. तिघांनी झाडलेल्या गोळ्यांचा विचार साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता. तुमची लढाई न्यायाची होती की नव्हती, हा प्रश्नच त्या बिशपांनी आडवा येऊ दिला नाही. लढाई न्याय्य असो. मारलंत ना, मग थांबा, हे करा. आपण मात्र जवान सुट्टीवर आला की स्टेशनवर हार घालतो. पुढच्या महिन्यात तो कर्नाटकातल्या किंवा राजस्थानातल्या छावणीत भाजी निवडत असतो आणि आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी या दुखण्याला नैतिक जखम म्हटलं. भीतीचं दुखणं वेगळं. इथं माणूस जिवाला धोका झाला म्हणून झुरत नाही. जे योग्य म्हणून मानलं तेच मोडलं गेलं म्हणून झुरतो.

वाचनालयातून निघून थिबा राजवाड्याकडे चालत गेलो. तिथं गेलं की मला नेहमी एक गोष्ट आठवते. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेत पकडून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी झाली मंडालेला. १९१० मध्ये हा राजवाडा बांधून झाला. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत समुद्राकडे बघत बसला होता, त्याच हिवाळ्यात रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं गीतारहस्य लिहीत होता. थिबाला पकडायला लागले फार तर पंधरा दिवस. त्यानंतर ब्रह्मी खेड्यांतला प्रतिकार मोडायला कित्येक वर्षं, आणि त्या वर्षांत फौजेनं गावंच्या गावं जाळली. त्या फौजेत आपले हिंदी शिपाई होते. ते परत येऊन काय बोलले, कुणाजवळ बोलले? मंडालेच्या त्या कोठडीतल्या पुस्तकात हा प्रश्न नाही.

टिळकांचा युक्तिवाद मी आजही मानतो. कर्माची पारख नुसत्या बाहेरच्या फळावरून करायची नाही, कर्त्याची बुद्धी बघायची, आणि बुद्धी शुद्ध ठेवून लोकांसाठी कर्म करत राहायचं. कामाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर ठेवलेला तो हात आहे. पण माझ्यासमोर बसला होता तो काम करून परत आलेला माणूस, आणि त्यानं मला स्वतःच सांगून टाकलं होतं की त्याची बुद्धी शुद्ध नव्हती. त्याच्यासाठी गीतेनंतरची पानं उलटायला हवी होती.

महाभारताची ही पुढची पर्वं आम्ही शाळेत शिकवत नाही, कीर्तनातही ती फारशी येत नाहीत. युद्ध संपून सगळं स्थिरस्थावर झाल्यावर अर्जुन आणि कृष्ण निवांत बसलेले असताना अर्जुन म्हणतो, रणांगणावर तू मला जे सांगितलं होतंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. अश्वमेध पर्वात आहे हे. कृष्ण रागावतो, म्हणतो, तेव्हा मी योगयुक्त होऊन बोललो होतो, तसं सगळं आता मलाही सांगता यायचं नाही. मग जे सांगतो ती अनुगीता. मला वाटतं, व्यासांनी ही जागा फार कळवळून लिहिली असावी. प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडून ऐकलेली गीता मारून परतलेल्या माणसाच्या डोक्यात राहिली नाही. मग माझ्या पाठांतर स्पर्धेतल्या पोराची काय कथा!

आणि युधिष्ठिर. शांतिपर्वाच्या सुरुवातीला त्याला समजावायला भाऊ येतात, द्रौपदी येते, व्यास येतात. तू क्षत्रिय आहेस, ते काळानंच मारलेले होते, तू निमित्त आहेस. पंडितजींनी आणि मी जे सांगितलं ते सगळं तिथं आमच्याहून चांगल्या भाषेत आहे. त्याचं समाधान होत नाही. त्याच्या आधीच्या स्त्रीपर्वात मात्र तो दोन गोष्टी करतो. गांधारीपुढे हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, तुझ्या मुलांना मारणारा तो क्रूर मी, मला शाप दे. डोळ्यांवरच्या पट्टीखालून तिची नजर त्याच्या पायाच्या बोटांवर पडते आणि नखं विद्रूप होतात. आयुष्यभर ती नखं त्याच्याबरोबर. दुसरी गोष्ट अशी की, रणांगणावर देशोदेशीची अशी प्रेतं पडलेली असतात ज्यांना कुणीच नाही. युधिष्ठिर विदुराला सांगून त्यांच्या राशी रचून, तूप घालून, विधीनं त्यांचं दहन करवतो. मग सगळे गंगेवर पाणी द्यायला जातात आणि तिथं, ओंजळी भरलेल्या असताना, कुंती सांगते: कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ होता. ज्याला परका म्हणून मारलं त्याचं नातं पाणी देताना कळतं.

तिथं मला वाट सापडली. मी प्रायश्चित्ताची पानं मिटून त्याच खंडात मागे श्राद्धाकडे गेलो.

पण आधी एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर माझ्या या लिहिण्याचा कुणी भलता उपयोग करेल. पाणी दिलं म्हणजे झालं, असं मी म्हणत नाही. २१ ऑक्टोबर १९८७ ला, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात आपले सैनिक शिरले आणि रुग्ण, परिचारिका, डॉक्टर मिळून साठहून अधिक माणसं मेली. आपल्या बाजूनं सांगितलं गेलं की आतून गोळीबार झाला, माणसं चकमकीत सापडली. वाचलेल्यांनी सांगितलेलं वेगळं आहे. जाफना विद्यापीठातल्या चार अध्यापकांनी 'द ब्रोकन पामायरा' या पुस्तकात त्या दिवसांचा हिशेब मांडला, आपल्या फौजेचा आणि वाघांचाही. त्यांतल्या शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या रजनी तिरणगामा यांना २१ सप्टेंबर १९८९ ला जाफन्यात गोळ्या घातल्या गेल्या. पुस्तक त्यांच्यामागे आलं. अशा ठिकाणी चौकशी लागते, साक्षी लागतात, शिक्षा लागते. याज्ञवल्क्याचा जाणून आणि नकळत हा फरक तिथं पुसून चालत नाही. तर्पणानं चौकशीची जागा घेतली तर ते तर्पण खोटं. माझ्या विद्यार्थ्याचं प्रकरण कोणत्याही न्यायाधीशापुढे नेलं तरी तो बहुधा सुटला असता. सुटल्यावरही जे उरतं त्यासाठी तो माझ्याकडे आला होता.

आणि मला वाटतं, जे उरतं ते पाप या शब्दात मावतच नाही. मी, पंडितजी, सेक्शन कमांडर, आम्ही सगळे त्याला एकच सांगत होतो: तुझा तिच्याशी संबंध नाही. तू निमित्त होतास, ती लढाईत सापडली, विसर. प्रेमानं सांगत होतो. पण तो एकोणतीस वर्षं नेमकं उलट मागत होता. तिच्याशी आपला संबंध आहे, हे कुणीतरी मान्य करावं. तिच्यासाठी सुतक धरायला परवानगी द्यावी. आपण ज्याला मारलं त्याच्यासाठी रडायचा अधिकार आपल्याला नाही, या समजुतीत अर्धं आयुष्य गेलेलं. दर म्हाळाला तो वडिलांचं पान वाढताना हात थांबवायचा. बायको ओळखायची.

आमच्या शास्त्रात यासाठी जागा आहे आणि ती मी सत्तरीला पोचेपर्यंत नुसती मंत्र म्हणून ओलांडत आलो होतो. महालयात शेवटी एक धर्मपिंड असतो. ज्यांना पिंड देणारं कुणी नाही, ज्यांचं नाव ठाऊक नाही, जे आगीत, पाण्यात, शस्त्रानं गेले, त्यांच्यासाठी. तर्पणाच्या शेवटी, बांधव असोत वा नसोत, सगळ्यांना पाणी दिलं जातं. आणि पितृपक्षातली चतुर्दशी तर शस्त्रानं मेलेल्यांचीच. गोत्र माहीत नसेल तर काय? त्याचंही उत्तर आहे: काश्यप म्हणावं, कारण साऱ्या जीवांचा तो मूळपुरुष. ती हिंदू होती की ख्रिस्ती होती, त्याला माहीत नाही. मी ठरवलं, हे विचारायचं नाही.

काश्यप लिहिताना मला आमचा परशुराम आठवला. चिपळूणच्या घाटात, वाशिष्ठीच्या खोऱ्यावर त्याचं देऊळ आहे. कोकणात त्याला देव म्हणून नमस्कार करतात, कथा सांगतात ती समुद्र हटवल्याची. समुद्र का हटवावा लागला, ते शांतिपर्वात आहे. एकवीस वेळा त्यानं क्षत्रिय मारले, आणि त्यात त्यांची जन्मलेली मुलंही सोडली नाहीत. बायकांनी काही लपवून वाचवली म्हणून वंश उरला. मग त्यानं जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान दिली. कश्यपानं ती घेतली आणि सांगितलं, आता तू माझ्या भूमीवर राहायचं नाहीस. तेव्हा समुद्रानं त्याच्यासाठी शूर्पारकाची जागा मोकळी केली. म्हणजे आम्ही नारळ लावतो, भात लावतो ती ही लाल माती एका मारणाऱ्याला दिलेली उरलीसुरली जागा आहे. त्याच शूर्पारकाच्या, आजच्या सोपाऱ्याच्या, भूमीत अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. कलिंगात लाख मारले, दीड लाख देशोधडीला लावले असं स्वतःच दगडावर कोरून घेणारा राजा तो. पण ज्या लेखात हा पश्चात्ताप आहे तो तेरावा लेख त्यानं कलिंगातल्या धौली आणि जौगडच्या दगडांवर कोरवला नाही. जिथली माणसं मेली तिथं ते शब्द नेले नाहीत. त्याला तिथं तोंड दाखवणं झालं नसेल, की आणखी काही कारण असेल? माझ्या विद्यार्थ्यालाही मी विचारलं, तिकडं जाऊन यावंसं वाटतं का? तो म्हणाला, "घर ओळखेन. विहिरीपुढं काय करू?"

२९ सप्टेंबरला चतुर्दशी होती. सकाळी आम्ही दोघं सोनवी आणि शास्त्री मिळतात तिथं गेलो. पाऊस ओसरत आला होता, पाणी अजून गढूळ, काठाला चिकण. मी दर्भ आणि काळे तीळ नेले होते. आधी त्याचे वडील, आजोबा, पणजोबा, आई, नेहमीचं सगळं झालं. मग मी म्हटलं, आता तिचं. वेदोक्त, पुराणोक्त काही नको, मराठीतच बोलू.

"गोत्र, काश्यप," मी म्हटलं.

तो म्हणाला, "काश्यप."

"नाव?"

त्यानं मान हलवली. मी म्हटलं, काही म्हण, तुझ्या मनात तिला काय म्हणतोस ते. "विहिरीवरची," तो म्हणाला.

"नातं?"

दोन्ही हातांची ओंजळ भरलेली, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पाणी गळायला लागलं होतं. आम्ही दोघंही गप्प होतो. कोणतं नातं सांगणार? शत्रू नव्हती. पाहुणा म्हणावं तर पाहुणे हेच तिच्या दारी गेलेले. मी पुढं सांगेन म्हणून तो माझ्याकडे बघत होता आणि मला काही येत नव्हतं. शेवटी त्यानंच ओंजळ पुढं केली, हात उजवीकडे कलते केले आणि पाणी सोडताना त्याला येत होता तो तिच्या भाषेतला एकमेव शब्द म्हणाला. तण्णी. तीनदा. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज राहिला नाही. मग तो काठावर बसून रडला, आणि मी त्याला थांबवलं नाही.

दुपारी परत फिरलो तेव्हा संगमेश्वरच्या बाजारात टीव्हीभोवती गर्दी होती. आपल्या फौजेनं सीमेपलीकडं जाऊन हल्ला केल्याची बातमी नुकतीच सांगितली गेली होती. फटाके वाजत होते. ओळखीची पोरं धावत आली, सुभेदार, सुभेदार म्हणत त्याच्या हातात पेढा ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला, आज म्हाळ आहे म्हणाला, आणि रुमालात बांधून खिशात ठेवला. एका पोराच्या, भरतीची तयारी करणाऱ्या, खांद्यावर हात ठेवून तो थोडा वेळ त्याच्याशी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर दरवर्षी तो येतो. झोप सुधारली का, असं मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "झोपेचं तसंच आहे गुरुजी. पण पान वाढताना हात थांबत नाही." नाशिकच्या त्या मित्रालाही त्यानं एका वर्षी आणलं होतं. त्यानं पाण्यात पाय घातले नाहीत, वरच्या पायरीवर उभा राहून बघत होता.

पहिल्या वर्षी घरी आल्यावर मी वही काढली. त्याच्या घराचं पान माझ्या वडिलांच्या अक्षरात आहे. त्याच्या आजोबांना गोत्र सांगता आलं नव्हतं, म्हणून वडिलांनी तिथं काश्यप लिहिलेलं आहे. आमच्या वहीतल्या अर्ध्याअधिक घरांना तेच आहे. त्याच्याखाली त्याच्या वडिलांना काश्यप, आईला काश्यप. मी नवी ओळ घेतली. पहिल्या रकान्यात लिहिलं, विहिरीवरची. दुसऱ्यात, काश्यप. पुढच्या पितृपक्षात तो आला तेव्हा मी ते पान त्याच्यापुढं धरलं. त्यानं खालून वर सगळ्या ओळी वाचल्या, दुसऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि वही माझ्याकडे परत दिली. तिसरा रकाना कोरा होता. अजून आहे.